प्रोसेसरचा पंखा घेताना

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमच्या कोकणात कूलर चालत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नागपूर-अकोल्याकडे वाळ्याच्या ताट्या लावलेला, पाणी ठिबकणारा कूलर मे महिन्यात खोली गार करतो, कारण तिथली हवा कोरडी असते आणि ती पाणी झटकन पिऊन घेते. पेणच्या हवेला मुळातच इतकं पाणी मिळालेलं असतं, की तिला आणखी नको असतं. इथे तसा कूलर लावलाच, तर खोली गार होत नाही, अंथरुणं तेवढी ओलसर होतात. म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांत पेण आणि रोह्यातल्या चार घरांत मी कूलर बसवून दिले असं सांगितलं, की लोक माझ्याकडे जरा संशयानेच पाहतात.

मी म्हणतो तो कूलर वेगळा. वितीपेक्षा कमी उंचीचा, कॉम्प्युटरच्या पोटात मदरबोर्डवर उभा राहणारा, प्रोसेसर नावाच्या चौकोनी तुकड्याची उष्णता काढून हवेत सोडणारा. हा मात्र कोकणात उत्तम चालतो, कारण याला हवेचा कोरडेपणा लागत नाही. याला हवा फक्त प्रोसेसरपेक्षा थंड लागते.

मी काही संगणकतज्ज्ञ नव्हे. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात मी सव्वीस वर्षं काम केलं. पेणहून गाडी पकडायची, कासू, नागोठणे आणि मग रोहा. निम्मं आयुष्य तापमान मोजण्यात गेलं. रिअ‍ॅक्टर किती तापला, हीट एक्स्चेंजरमधून पाणी किती गरम होऊन बाहेर पडलं, नळ्यांत किती खवले जमले. निवृत्तीनंतर शेजारपाजारच्या मुलांचे कॉम्प्युटर उघडून पाहायला लागलो, तेव्हा लक्षात आलं, की प्रोसेसरचा कूलर म्हणजे आमच्या हीट एक्स्चेंजरचं धाकटं भावंडच आहे. त्याची दुखणीही तीच.

२०२४ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. पेणमध्ये आमच्या गल्लीच्या टोकाला गणपतीचा एक कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याखाली मांडलेल्या मूर्तींच्या रांगा, एका बाजूला साचे, दुसऱ्या बाजूला रंगकाम. तिथल्या मूर्तिकाराचा मुलगा शिकलेला. त्याने मूर्तीचा आराखडा कॉम्प्युटरवर करायला घेतला. पडद्यावर गणपती चहूबाजूंनी फिरवून दाखवायचा, सोंडेचं वळण बदलायचं, व्यापाऱ्याला चित्र पाठवायचं, पसंत पडलं की मग नमुना आणि साचा. यासाठी त्याने कर्ज काढून बरा कॉम्प्युटर घेतला होता. वडिलांना हे फारसं पटलेलं नव्हतं, पण त्यांनी पैसे अडवले नाहीत.

मे महिना लागला आणि कॉम्प्युटर रुसला. काम सुरू केल्यावर पाच मिनिटं बरा चाले. मग पंखा किंचाळायला लागे आणि चित्र तयार व्हायला तिप्पट वेळ लागे. एका दुपारी तर दोनदा आपोआप बंद पडला. मुंबईच्या व्यापाऱ्याला दाखवायची चित्रं अर्धवट राहिली. वडील माझ्यासमोरच म्हणाले, "हात दुखला तरी चालतो. हे यंत्र तर उन्हातच बसून राहतं." पोराचा चेहरा उतरला.

जिथून कॉम्प्युटर घेतला होता त्या दुकानदाराने फोनवरच निदान केलं होतं: "प्रोसेसर मोठा आहे, लिक्विड कूलर टाका, नऊ हजार लागतील." नऊ हजार म्हणजे मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराची कितीतरी दिवसांची मजुरी. पोरगा माझ्याकडे आला तो हे विचारायला, की काका, इतका खर्च करावा लागेलच का?

उत्तर द्यायच्या आधी थोडं मूळ समजून घेऊ. प्रोसेसरच्या आत जी सिलिकॉनची चकती असते ती या मुलाच्या प्रोसेसरमध्ये जेमतेम दोन चौरस सेंटिमीटरची. सगळे भाग कामाला लागले, की तीतून दीडशे-पावणेदोनशे वॅट उष्णता निघते. घरातली इस्त्री हजार वॅटची असते खरी, पण तिचा तळ साधारण दोनशे चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे इस्त्रीच्या दर चौरस सेंटिमीटरमधून पाच वॅट आणि या चकतीच्या तेवढ्याच जागेतून पाऊणशे वॅट. इस्त्रीला हात लावायची आपली छाती होत नाही. चकतीवरची उष्णता सतत कुणीतरी उचलून नेली नाही, तर तिचं काय होईल, याचा यावरून अंदाज यावा.

हे पूर्वी नव्हतं. नव्वदच्या दशकात आमच्या कंट्रोल रूममध्ये जो ४८६ जातीचा कॉम्प्युटर होता, त्याच्या प्रोसेसरवर पंखाच नव्हता. १९९३ मध्ये पेंटियम आला आणि पंखा हळूहळू घरोघरी पोचला. २००१ मध्ये परदेशातल्या एका तांत्रिक प्रकाशनाने चालू कॉम्प्युटरचा हीटसिंक मुद्दाम काढून चित्रफीत केली होती. एएमडीचा तेव्हाचा अ‍ॅथलॉन काही क्षणांत जळून गेला. इंटेलच्या पेंटियम ४ ने मात्र वेग कमी करून जीव वाचवला. आज सगळेच प्रोसेसर तसे शहाणे झाले आहेत. तापले, की ते आधी वेग उतरवतात आणि अगदीच गळ्याशी आलं तर बंद होतात. २००४ मध्ये इंटेलला पेंटियम ४ च्या पुढचा, 'तेजस' नावाचा प्रोसेसर उष्णतेपायीच गुंडाळावा लागला होता. नाव किती समर्पक!

आता हा शहाणपणा एक घोटाळाही करतो. प्रोसेसर तापला तरी जळत नाही, म्हणून मालकाला कळतच नाही. कॉम्प्युटर 'जुना झाला', 'व्हायरस आला' असं समजून लोक फॉरमॅट मारतात, मेमरी वाढवतात, आणि खरं दुखणं तिथेच राहतं. म्हणून पैसे खर्च करायच्या आधी ताप मोजावा. एचडब्ल्यूइन्फो, कोअर टेम्प अशी साधनं फुकट मिळतात. कॉम्प्युटर नुसता चालू असताना किती तापमान आहे ते पाहायचं, मग आपलं नेहमीचं जड काम वीस मिनिटं चालवायचं आणि पुन्हा पाहायचं. हे सकाळी नको, दुपारी तीन वाजता करा. कामाच्या वेळी ऐंशी-पंच्याऐंशी अंश दिसले तर निवांत झोपा. पंचाण्णव-शंभरला टेकून वेग घसरत असेल तर मात्र उपाय हवा. इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा शंभर अंश आहे. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर पंचाण्णववर चालण्यासाठीच बेतलेले आहेत, तेव्हा त्यांचा आकडा पाहून घाबरू नये.

आम्ही मोजलं. वीस मिनिटं थांबावंच लागलं नाही, तिसऱ्या मिनिटाला आकडा शंभर. कॅबिनेटची बाजूची पत्री काढली आणि आतला देखावा पाहून मला माझे जुने दिवस आठवले. कूलरच्या पात्यांमध्ये पांढरट पुटं चढलेली. मूर्तीला पॉलिश पेपर मारताना जी प्लॅस्टरची पूड उडते, ती पंख्याने ओढून ओढून आत भरलेली, आणि कोकणातल्या दमट हवेने ती चिकटून बसलेली. कारखान्यात आम्ही याला फाउलिंग म्हणायचो. नळीत खवले जमले, की एक्स्चेंजर कितीही मोठा असो, उष्णता पलीकडे जात नाही.

दुसरी गोष्ट आणखी गमतीची. इंटेलच्या बॉक्सबरोबर येणारा पंखा प्लॅस्टिकच्या चार खुंट्यांवर मदरबोर्डला दाबून बसवलेला असतो. त्यातली एक खुंटी वर आलेली. पनवेलहून गाडीत आणताना हिसका बसला असेल, किंवा मुळात नीट बसवलीच नसेल. पंखा दिसायला जागेवर, पण एका कोपऱ्याने अधांतरी. प्रोसेसर आणि धातू यांच्यामध्ये केसाएवढी फट पडली तरी पुरते, कारण हवा ही उष्णतेची वाहक म्हणून अगदीच दरिद्री. तांबं हवेपेक्षा पंधरा हजार पटींनी उष्णता वाहून नेतं. या फटी भरण्यासाठीच थर्मल पेस्ट असते. ती तांब्याइतकी चांगली नसते, पण हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी. वाटाण्याच्या दाण्याएवढी मध्यावर ठेवायची, कूलर दाबला की ती आपोआप पसरते. भाकरीवर लोणी फासल्यासारखा जाड थर दिला, तर पेस्टच अडसर होते. टूथपेस्ट लावून काम भागतं, असं कुणीतरी आमच्या बाजारपेठेत छातीठोकपणे सांगत असतो. दोन-चार दिवस भागतंही. मग ती वाळते आणि भेगाळते.

ब्लोअरने पूड उडवली, जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, चारही खुंट्या 'कट्' आवाज येईपर्यंत दाबल्या. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाही तर ते भिरभिरून त्याचं बेअरिंग दुखावतं. खर्च पेस्टच्या नळीचा, अडीचशे रुपये. कॉम्प्युटर बंद पडायचा थांबला. पण जड कामात आकडा अजून सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच होता. म्हणजे अर्धा रोग गेला, अर्धा शिल्लक.

हा उरलेला अर्धा रोग आकड्यांच्या गैरसमजातून येतो, आणि कूलर निवडताना सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. या मुलाकडे इंटेलचा कोअर आय ७-१२७०० होता. त्याच्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत ६५ वॅट लिहिलेलं असतं. हा पायाचा आकडा. त्याच पत्रकात खाली दुसरा आकडा असतो, पूर्ण जोर लावला तर १८० वॅट. अनेक मदरबोर्ड आपण होऊन हा वरचा आकडा मोकळा सोडतात, कारण त्यामुळे कॉम्प्युटर चाचणीत वेगवान दिसतो. बॉक्समधला पंखा मात्र पहिल्या आकड्याच्या हिशेबाचा. घरात पाण्याची टाकी दोन माणसांची आणि पंगत पन्नासांची, असा हा प्रकार.

तेव्हा कूलर घेताना पहिला प्रश्न हा, की माझा प्रोसेसर पूर्ण जोरात किती वॅट खातो आणि मी त्याला तितका जोर लावायला कधी सांगतो का? टायपिंग, हिशेब, इंटरनेट, मुलांचे तास एवढंच काम असेल तर प्रोसेसर बहुतेक वेळ वीस-तीस वॅटवर डुलक्या काढत असतो. त्याला बॉक्समधला पंखा आयुष्यभर पुरतो. व्हिडिओचं संकलन, त्रिमितीय आराखडे, जड खेळ, अशी तासन्‌तास चालणारी कामं असतील तरच वेगळ्या कूलरचा विचार करावा.

दुसरा प्रश्न खोलीचा. इंटरनेटवर कूलरची जी परीक्षणं पाहता, त्यातली बरीचशी वीस-बावीस अंशांच्या खोलीत केलेली असतात. पंखा कितीही चांगला असला तरी तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोघांतलं अंतर कमी करतो. ते अंतर समजा साठ अंशांचं आहे, तर बावीसच्या खोलीत प्रोसेसर ब्याऐंशीवर राहील आणि आमच्याकडे मे महिन्यातल्या पत्र्याखालच्या छत्तीस अंशांत शहाण्णववर. कूलर तोच, प्रोसेसर तोच. म्हणून परीक्षणात दिसलेल्या आकड्यात आपल्या खोलीचे चौदा-पंधरा अंश सरळ मिळवून मगच निर्णय करावा. परदेशातला कुणी 'अगदी पुरेसा' म्हणत असेल, तो पेणला काठावर पास होतो.

या हिशेबातला एक फुकटचा फायदा सांगतो. आपल्याकडे कॉम्प्युटरच्या टेबलाला खाली कप्पा असतो आणि कॅबिनेट त्यात कोंबलेलं असतं, मागे भिंत, बाजूला लाकूड. पंखा स्वतःचीच गरम हवा फिरून ओढतो. कॅबिनेट बाहेर काढून भिंतीपासून हातभर दूर ठेवलं, की काही अंश विनाखर्च उतरतात.

आता प्रत्यक्ष कूलर. बाजारात सात-आठशे रुपयांपासून लहान, आडवे, वरून खाली हवा मारणारे कूलर मिळतात. बॉक्समधल्या पंख्यापेक्षा ते फार काही वेगळे नसतात. जुना पंखा मोडला असेल तरच घ्यावेत. साधारण दीड ते अडीच हजारांत उभे, मनोऱ्यासारखे कूलर येतात. तांब्याच्या चार नळ्या, त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची चळत आणि एका बाजूला १२० मिलिमीटरचा पंखा. डीपकूलचा एजी ४००, थर्मलराइटचा असॅसिन एक्स १२०, कूलर मास्टरचा हायपर २१२, अशी ही जात. त्याच्या वर सहा नळ्यांचे जुळे मनोरे, तीन-चार हजारांच्या घरातले. त्याहून वर लिक्विड कूलर. भाव महिन्या-महिन्याला बदलतात, ऑनलाइन सेलमध्ये तर दिवसागणिक, पण पायऱ्या या अशाच.

माझं मत विचाराल तर बहुसंख्य घरांना दुसरी पायरी पुरते. तिथे दर रुपयामागे जितके अंश उतरतात तितके ना खालच्या पायरीवर, ना वरच्या. याचं श्रेय त्या तांब्याच्या नळ्यांना आहे. पाहणाऱ्याला वाटतं त्या भरीव सळया आहेत. त्या पोकळ असतात. आतली हवा काढून टाकून चमचाभरही नाही इतकं पाणी घालून बंद केलेलं असतं, आणि आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. दाब कमी असल्याने ते पाणी शंभर अंशांची वाट न पाहता लवकर उकळतं. प्रोसेसरजवळच्या टोकाला वाफ होते, ती वर पत्र्यांकडे धावते, तिथे गार होऊन पुन्हा पाणी होते आणि सच्छिद्र थरातून झिरपत खाली येते. चतुर्थीला मोदकपात्राचं झाकण उचललं, की खालून पाण्याचे थेंब ओघळतात ना, तेच. वाफेने पात्रातली उष्णता झाकणापर्यंत पोचवलेली असते. १९६३ मध्ये अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही हीट पाइप घडवली. तिचा पहिला मोठा उपयोग अंतराळयानांत झाला आणि आज ती दीड हजारांच्या कूलरमध्ये चार-चार नग मिळते. म्हणजे पाहा, आमच्या दमट हवेत निकामी ठरणारा पाण्याचा कूलर इथे नळीत बंद होऊन मजेत चालतो, कारण त्याचा बाहेरच्या दमटपणाशी संबंधच उरत नाही.

वरच्या चळतीचं काम सोपं. पेणच्या अंगणात पापड वाळत घालतात तेव्हा ते एकावर एक रचत नाहीत, मोकळे पसरतात, म्हणजे प्रत्येकाला हवा लागते. पत्रेही तसेच पातळ आणि एकमेकांपासून अंतर राखून. फक्त जागा नाही म्हणून त्यांना उभं रचावं लागतं आणि पंख्याने हवा मधून ढकलावी लागते.

कूलरच्या खोक्यावर २२० वॅट, २५० वॅट असे आकडे छापलेले असतात, त्यांच्यावर विसंबू नका. हे मोजायची सगळ्या कंपन्यांनी मानलेली एक पद्धत नाही, प्रत्येकाची फूटपट्टी वेगळी. नळ्या किती, पंखा केवढा, वजन किती, हे पाहिलं तर जास्त कळतं.

लिक्विड कूलर वाईट असतो असं मी म्हणत नाही. अडीचशे वॅटचा राक्षसी प्रोसेसर असेल तर घ्यावा. पण त्यात पंप आहे, रबरी नळ्या आहेत, द्रव आहे. पाच-सहा वर्षांनी पंप थकला, तर तो पेणमध्ये कोण दुरुस्त करणार? सगळाच टाकून द्यावा लागतो. हवेच्या कूलरमध्ये बिघडणारी वस्तू एकच, पंखा. तो तीन-चारशे रुपयांत नवा येतो आणि दोन तारांच्या क्लिपांनी कुणालाही बसवता येतो. धातूचा मनोरा तुमच्यापेक्षा जास्त जगेल.

इथे मला रोह्याची हकिगत सांगितली पाहिजे. माझी भाची तिथे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं आणि झेरॉक्सचं छोटं दुकान चालवते. पेणचा पराक्रम तिच्या कानावर गेला आणि तिने मला न विचारताच इंटरनेटवरून सहा नळ्यांचा जुळा मनोरा मागवला. दुसऱ्या दिवशी फोन. "मामा, कॅबिनेटचं झाकणच बसत नाहीये." बसणार कसं? कूलर साडेपंधरा सेंटिमीटर उंच आणि तिचं कॅबिनेट काउंटरखाली मावणारं, अरुंद. मदरबोर्डपासून झाकणापर्यंत तेरा सेंटिमीटरही जागा नव्हती. कूलर मागवायच्या आधी ही उंची पट्टीने मोजायची असते. शिवाय मेमरीच्या पट्ट्यांवर पंखा आदळत नाही ना, हेही पाहायचं.

बरं, तिला कूलर हवा तरी कशाला होता? प्रोसेसर आय ३-१२१००, पूर्ण जोरातही ८९ वॅटचा. मोजलं तर तापमान सत्तरच्याही वर जात नव्हतं. तिची तक्रार होती आवाजाची. गिऱ्हाईक आलं, की पंखा घों घों करतो आणि बोलणं ऐकू येत नाही. बायोसमध्ये पाहिलं तर पंखा कायम पूर्ण वेगावर ठेवलेला. चार तारांचा पंखा असेल तर मदरबोर्ड तापमानानुसार त्याचा वेग कमी-जास्त करू शकतो, फक्त ती सोय चालू हवी. केली, आवाज गेला. कूलर परत पाठवला आणि तिचे साडेतीन हजार वाचले. कॅबिनेट उघडल्यावर आत पालीची दोन अंडीही सापडली, पण तो कोकणातल्या प्रत्येक कॉम्प्युटरचा कुटुंबविस्तार आहे. मागच्या मोकळ्या पट्ट्यांना जाळी लावली.

आणखी एक खबरदारी सॉकेटची. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिची जात आणि कूलरची कडी जुळली पाहिजे. इंटेलने २०२१ मध्ये एलजीए १७०० सॉकेट आणलं तेव्हा भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटरवरून ७८ केलं. तीन मिलिमीटरच, पण जुन्या कूलरच्या कड्या त्यावर सरळ बसत नाहीत, नव्या पट्ट्या मागवाव्या लागतात. एएमडीच्या एएम ४ आणि एएम ५ मध्ये बहुतेक कूलर दोन्हीकडे चालतात. एएम ४ वाल्यांनी मात्र जुना कूलर सरळ वर ओढू नये. पेस्ट घट्ट झालेली असली, तर कूलरबरोबर प्रोसेसरही पिनांसकट उपटून हातात येतो. आधी कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून पेस्ट ऊबदार करावी, मग बंद करून, वायर काढून, कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा.

पेणच्या मुलासाठी आम्ही चार नळ्यांचा मनोरा घेतला, एकोणीसशे रुपयांना. याला खुंट्या नाहीत. मदरबोर्डच्या मागून पट्टी येते आणि पुढून स्क्रू. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो. पंख्याची हवा कॅबिनेटच्या मागच्या बाजूला जाईल अशी दिशा ठेवली. पंख्याच्या चौकटीवर बहुधा बाण असतो, तो पाहिला की चूक होत नाही.

मग एक काम केलं ज्याला एक पैसाही लागला नाही, आणि खरं तर ते आधीच करायला हवं होतं. बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरची वीज १८० वॅटवरून १२५ वर बांधली. प्रोसेसरचा शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो, वीज भरमसाट आणि लाभ चिमूटभर. वीस मिनिटांचं चित्र आता बावीस मिनिटांत होतं, पण भर दुपारी, पत्र्याखाली, आकडा ब्याऐंशीच्या वर जात नाही. ज्याच्याजवळ कूलरलाही पैसे नाहीत, त्याने तर ही मर्यादा ६५ वर आणून बॉक्समधल्या पंख्यावरच काम भागवावं. जरा हळू चालेल, पण सुरळीत चालेल.

कॉम्प्युटरही आम्ही पॉलिश पेपर घासण्याच्या जागेपासून हलवून माडीवरच्या खोलीत नेला. व्यापाऱ्याची चित्रं ठरल्या तारखेला गेली. वडील दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते वर आले, जुना पंखा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि मला म्हणाले, "अहो, एवढ्याशा खुंटीसाठी नऊ हजार सांगितले होते?" मी म्हटलं, खुंटी आणि धूळ दोन्ही धरा.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. माडीवरच्या भिंतीला कालनिर्णय टांगलेलं होतं. त्यात अक्षय्य तृतीया, अनंत चतुर्दशी आणि मकरसंक्रांत या तीन तारखांभोवती पेन्सिलीने गोल काढून वडिलांनी आपल्या हाताने लिहून ठेवलं होतं, 'मशीन साफ'.